शेपटीवाल्याने तासलेला दस्ता

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. ठेवूही नका. माझ्या बायकोनेही ठेवलेला नाही, आणि तिने तर एके काळी माझ्यावर विश्वास ठेवून लग्न केलं होतं. पण गोष्ट सोळा आणे खरी आहे. माझ्या आजोबांच्या रायफलीचा लाकडी दस्ता मोडला, तो नीट करायला या खोऱ्यातल्या शहाण्यांनी बारा दिवस डोकं लावलं, आणि शेवटी तो नीट केला कोणी? ज्याला मारण्यासाठी ती रायफल नीट करायची होती, त्याने. स्वतःच्या दातांनी. मजुरी न घेता.

गेल्या रविवारी मामबेतालीच्या घरी मी हे सांगितलं, तसंच इथे लिहितो. मामबेताली म्हणजे माझा शेजारी. तीस वर्षं त्याने बस चालवली, त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीचं त्याला गिअरबॉक्सवरून आकलन होतं. कढईत मेंढीचं मांस रटरटत होतं, शिजायला दोन तास होते. खोगीर करणारा म्हातारा कालदीबाय भिंतीला टेकून बसला होता. माझी बायको बुरुलचा पीठ मळत होती. आणि दारासमोरच्या मानाच्या जागी, पायावर पाय टाकून, बसली होती तुर्सुनाय, आमच्या गावची गुरांची डॉक्टर.

बाकीचे मांसासाठी आले होते. मी तुर्सुनायसाठी आलो होतो. तिच्या चामडी पिशवीत एक गोल शिक्का असतो. तो शिक्का माझ्या एका कागदावर सोमवारच्या आत बसला नाही, तर जिल्ह्याच्या गावी परवान्याच्या ऑफिसात माझी रायफल जप्त होणार होती. आणि तिथे जप्त झालेली बंदूक परत येत नाही, वितळून तिचे खिळे होतात. माझ्या आजोबांचे खिळे! तेव्हा मी रायफल सगळ्यांच्या हाती फिरायला दिली आणि सुरुवात केली. पुरावा डोळ्यांसमोर असला की गोष्टीला वजन येतं.

"तुम्हाला पाळी ठाऊकच आहे," मी म्हणालो.

सगळ्यांना ठाऊक होतीच. आमच्या गावात चाळीस घरांच्या मेंढ्या एका कळपात चरतात आणि रोज एका घराने त्या राखायच्या. आज तुमची पाळी, उद्या माझी. पाळीची यादी दुकानाच्या दारावर लावलेली असते. ज्याच्या पाळीला मेंढी जाते त्याच्याशी कोणी भांडत नाही. नुसतं लक्षात ठेवतात. त्याच्या नातवाच्या लग्नात नवरीकडची म्हातारी विचारते, "म्हणजे ज्यांच्या पाळीला मेंढी गेली, त्यांचा का हा?"

या वर्षी पानं पिवळी पडायला लागली आणि तो आला. मास्तरांच्या पाळीला दोन गेल्या. पोस्टमनच्या पाळीला एक, तीही त्याच्या समोरून, शिट्टी वाजवेपर्यंत. यादीत माझं नाव होतं बारा दिवसांनी, गुरुवारी.

"तो म्हणजे कोण?" तुर्सुनायने विचारलं. तिला ठाऊक होतं. मुद्दाम विचारलं.

"तो. लांब शेपटीचा."

"लांडगा म्हणा की सरळ!"

खोलीत सगळ्यांनी एकदम श्वास आत घेतला. बुरुलचाने पिठाचे हात तसेच ठेवून चुलीत धुरीची डहाळी टाकली. आमच्याकडे त्याचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की त्याला वाटतं आपल्याला बोलावलं, आणि तो आमंत्रणाला नाही म्हणत नाही. तुर्सुनाय शहरात शिकली, तिला कशाचीच भीती नाही. मला आहे. मी लपवत नाही. म्हणजे त्या दिवसांत लपवत होतो.

कसा लपवत होतो ते ऐका. यादी वाचल्याबरोबर मी घराकडे वळलोच होतो. पण दुकानासमोर दहा माणसं उभी, तेव्हा मी मोठ्याने म्हणालो, "बरं झालं! बऱ्याच दिवसांत आजोबांची रायफल बोलली नाही." घरी आलो, भिंतीवरून रायफल काढली, घोड्याच्या खोगिराला बांधली आणि गावातून दोन फेऱ्या मारल्या, एक वर जाताना, एक खाली येताना. भित्रा माणूस घरात बसतो असं लोक समजतात. खरा भित्रा घोड्यावर बसून मिरवतो.

दुसऱ्या फेरीला नदीकाठच्या मऊ मातीशी घोडा थांबला. मी उतरून लगाम सैल केला. घोड्याला काय वाटलं कोण जाणे, तो खाली बसला, आडवा झाला आणि पाठ खाजवायला खुशाल लोळला. या कुशीवरून त्या कुशीवर. कडाड्! माझ्या आजोबांचं हाड मोडलं असतं तरी मला इतकं लागलं नसतं. नळी सरळच्या सरळ, पण दस्ता मानेपाशी, जिथे मूठ धरतो तिथे, दोन तुकडे.

संध्याकाळपर्यंत अर्धा गाव सांत्वनाला. मामबेताली म्हणाला, "तार गुंडाळ. माझ्या बसचा गिअरचा दांडा तारेवर अकरा वर्षं चालला."

"गिअरला धक्का बसतो का बंदुकीसारखा?"

"आमच्या रस्त्यावर? जास्त बसतो."

एक म्हणाला डिंक लाव, एक म्हणाला दक्षिणेतून अक्रोडाचं लाकूड आण, तीन वर्षं वाळव. "गुरुवारपर्यंत तीन वर्षं कशी होणार?" मी विचारलं, तर तो म्हणाला, "म्हणूनच लवकर सुरुवात करावी माणसाने." बुरुलचा एवढंच म्हणाली, "अहो, दस्ता कशाला हवाय? ते जवळ आलं की नळीनेच घाला डोक्यात." ते जवळ आलं की. हे चार शब्द मी रात्रभर पांघरुणात घेऊन झोपलो.

(इथे मामबेतालीने कढईचं झाकण उघडून पाहिलं आणि सांगितलं, "अजून कच्चं आहे. चालू दे.")

कालदीबाय म्हणाला, नवा दस्ता करून देतो. पण परवान्याचं माणसाने आधी बघावं, म्हणून मी दोन्ही तुकडे गोधडीच्या अभ्र्यात घालून जिल्ह्याच्या गावी गेलो. तिथल्या ऑफिसातला कारकून बारीक, फिकट, सतत नाक पुसणारा. पण त्याच्यासमोर टेबल होतं आणि माझ्यासमोर नव्हतं, एवढ्यानेच मी टोपी काढून हातात धरली.

"हे काय?" त्याने नळीकडे बोट दाखवलं.

"रायफल."

"आणि हे?"

"तीच रायफल."

"मग दोन का आहेत? परवाना एकीचा आहे तुमच्याकडे."

मी घोड्याची हकीकत सांगितली. तो शांतपणे ऐकत होता, ते त्याहून भयंकर. मग त्याने मोडका दस्ता उजेडात धरला. लाकडावर आजोबांच्या काळातला नंबर ठोकलेला होता, नळीवरचाच. "हा नंबर दस्त्यावर आहे," तो म्हणाला. "नवा दस्ता केलात तर त्यावर नंबर नसणार. म्हणजे ती बिननंबरी बंदूक. बिननंबरी बंदूक बाळगणं हा गुन्हा. आणि नंबराची बंदूक मग कुठे गेली? हरवली. हरवल्याची खबर दिली नाहीत, हा दुसरा गुन्हा."

"साहेब, मी अजून काहीच केलेलं नाही."

"म्हणून तर आत्ता फक्त समजावून सांगतोय."

शेवटी त्यालाच दया आली. मार्ग असा निघाला: याला नवा दस्ता म्हणायचं नाही, दुरुस्ती म्हणायचं. जुन्या लाकडाचा नंबर असलेला तुकडा कापून नव्या लाकडात बसवायचा, दिसेल असा, वर रंग नाही, चामडं नाही. दर तपासणीला तो नंबर वाचता आला पाहिजे. वाचता आला नाही, तर रायफल जप्त.

मग अर्ज. सगळं भरलं. एक रकाना राहिला: दुरुस्तीची तातडी असल्यास, कोणत्या प्राण्यापासून धोका आहे ते लिहा.

मी पेन खाली ठेवलं. "तुम्ही लिहा, साहेब. तुमचं अक्षर चांगलं आहे."

"अर्जदाराने लिहायचं असतं."

"माझी गुरुवारी पाळी आहे. मी नाव नाही लिहिणार."

त्याने मान वर केली. प्रथमच माझ्याकडे माणसासारखं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तो आहे का?"

"तो."

"माझ्या भावाच्या शंभर मेंढ्या आहेत वर," तो म्हणाला. "मी तर मुळीच लिहिणार नाही."

रकाना रिकामा ठेवला तर अर्ज परत येणार. बाहेर रांग खोकत होती. शेवटी आम्ही दोघांनी मिळून त्या रकान्यात एक शेपटी काढली. लांब, टोकाला जरा जाड. मी काढली होती ती कोल्ह्याची वाटली म्हणून त्याने सुधारली. मग त्याने शिक्का मारला आणि दोन्ही हात रुमालाला पुसले.

आता कालदीबायचं काम. तो इथेच बसलाय, म्हणून अदबीने सांगतो. कालदीबायसारखं खोगीर सात खोऱ्यांत कोणी करत नाही. पण दस्ता त्याने जन्मात केला नव्हता. मी गेलो तर म्हणाला, "बस."

"कशाला, आजोबा?"

"माप घ्यायचंय." आणि त्याने वितीने माझी बैठक मोजली.

"आजोबा, हा गालाला लावायचा असतो!"

"सवय गेली नाही," तो म्हणाला. "पण फरक काय त्यात? खोगीर काय, दस्ता काय, दोन्हींवर हाडंच टेकायची."

लाकूड मात्र उत्तम, सहा वर्षं खोगिरासाठी वाळत ठेवलेलं बर्च. त्याने ते खोगिराच्याच रीतीने केलं. आधी मेंढीच्या शेपटीची चरबी कढईत वितळवून त्यात दस्ता दोन दिवस मुरवला, म्हणजे कधी तडकत नाही. मग मानेवर ओल्या कातड्याची पट्टी शिवली. ती वाळत जाते तशी आवळत जाते आणि लाकडाला दगडासारखं करते. आता राहिला नंबराचा तुकडा. मानेवर कातडं आलेलं. उजवीकडे खटका. खाली पट्ट्याची कडी. उरली डावी बाजू, जिथे गाल टेकतो. तिथे त्याने तो तुकडा ठोकून बसवला. दोन बोटं उंच. "गालाला उशी झाली," तो म्हणाला.

मी रायफल घेऊन घराकडे निघालो. वाटेत वळून पाहिलं तर मागे गावातली अकरा कुत्री. चरबीच्या वासाने. घरापर्यंत आली आणि अंगणात बसून राहिली. बुरुलचाने रायफल छताच्या हुकाला टांगली, तर कुत्री दारातून छताकडे बघत बसली. मी विचार करत होतो, कुत्र्यांना वास येतो. कुत्र्यांना येतो, तर कुत्र्यांच्या थोरल्या चुलत्याला किती येईल? हा प्रश्न मी कोणाला विचारला नाही. काही प्रश्न उत्तराच्या भीतीने विचारायचे नसतात.

मंगळवारी आम्ही ओढ्याच्या पलीकडे नेम तपासायला गेलो. शंभर पावलांवर मामबेतालीने जुनं टायर उभं केलं. मी गाल टेकला, नळीच्या टोकावरची नेमाची माशी टायरच्या मधोमध धरली, चाप ओढला. गोळी डावीकडे गेली. किती? टायरच्या डावीकडे एक खडक होता, त्याच्या डावीकडे एक झुडूप होतं, ते झुडूप हललं.

"वारा असेल," कालदीबाय म्हणाला.

दुसरी गोळी. झुडूप पुन्हा हललं. मग मामबेतालीने झोपून, एक डोळा मिटून, दस्त्याकडे मागून पाहिलं आणि निदान केलं. "तुझ्या गालाखाली हा ठोकळा आहे. तो तुझं डोकं बाहेर ढकलतो. डोळा नळीच्या रेषेत येतच नाही. स्टिअरिंग एकीकडे नि ड्रायव्हर पलीकडच्या सीटवर!"

"आजोबा, ठोकळा जरा तासून द्या ना," मी म्हणालो.

"देतो की. नंबर जाईल."

नंबर गेला तर रायफल जाणार. ठोकळा राहिला तर गोळी झुडपात जाणार. मी रागावून म्हणालो, "तुमच्या हातात कसब आहे म्हणे!" तर म्हाताऱ्याने शांतपणे विचारलं, "चाळीस वर्षं माझ्या खोगिरावर बसतोयस. कधी उजवीकडे पडलास?"

"नाही. नेहमी डावीकडेच पडतो."

"बघ. नेम मुळात तुझाच डावा आहे."

मामबेताली म्हणाला, मग उजवीकडे नेम धर, झालं! पण त्यातही मेख होती. कातडं अजून वाळत होतं, आवळत होतं, दस्ता रोज थोडा थोडा वळत होता. सोमवारी गोळी एक वाव डावीकडे गेली असती, मंगळवारी सव्वा गेली, तर बुधवारी किती? मामबेतालीने कॅलेंडरच्या पाठीमागे हिशेब मांडला आणि गुरुवारच्या चौकोनात लिहिलं, दीड वाव. "पाऊस पडला तर मात्र कातडं सैल होईल, मग एक. आणि पळता असेल तर तो कुठे पळतोय त्यावर." मी तो कागद घडी करून टोपीत ठेवला. मरणाच्या वाटेवर जाणाऱ्याच्या टोपीत बाकी काय असतं?

"आता मांस शिजलं असेल," मामबेताली म्हणाला.

"शिजू दे," तुर्सुनाय म्हणाली. "गुरुवार येऊ द्या."

गुरुवार आला. पहाटेच उठून मी दोनशे चौदा मेंढ्या मोजून ताब्यात घेतल्या. लोकांनी आपापल्या दारातून मेंढ्या सोडताना माझ्याकडे पाहिलं ते असं, जसं लांबच्या प्रवासाला निघालेल्याकडे बघतात. बुरुलचाने खिशात वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या घातल्या आणि म्हणाली, "लवकर या." रोज म्हणते. पण त्या दिवशी तिने माझ्या कोटाचं वरचं बटण स्वतः लावलं. ते बटण दिवसभर माझ्या गळ्याला लागत होतं.

वर कुरणात धुकं. धुकं म्हणजे असं की मेंढ्या ऐकू येत होत्या, दिसत नव्हत्या. मी एका खडकामागे पालथा पडलो, रायफल खडकावर ठेवली, गाल ठोकळ्यावर टेकला. चरबीचा वास थेट नाकात. मी स्वतःला सांगितलं, ओमुरकुल, हे धुकं त्यालाही आहे. मग स्वतःच उत्तर दिलं, त्याला नाक आहे.

एक सांगतो. दोनशे मेंढ्या चरत असतात तेव्हा एक आवाज असतो, पातळ, सतत, जणू कोणीतरी लांबवर कापड फाडतंय. माणसाला तो ऐकू येत नाही, इतका तो सवयीचा. तो ऐकू येतो तो थांबतो तेव्हा. दुपारच्या सुमाराला तो थांबला. एकाच वेळी, दोनशे चौदा तोंडांत. डोक्यावरची टोपी आपोआप वर उचलली गेल्यासारखी वाटली. मला ओरडायचं होतं, पाळीच्या माणसाने ओरडायचं असतं. पण जीभ टाळूला चिकटली. बुरुलचाने लावलेलं बटण घट्ट होत गेलं. मला वाटलं, मी इथे मेलो तर धुकं निवळेपर्यंत कोणाला कळणारही नाही, आणि कळेल तेव्हा लोक आधी मेंढ्या मोजतील.

आणि तो आला.

बुरुलचाने पीठ मळणं थांबवलं. मी आवाज खाली आणला.

धुक्यातून आधी नाक आलं, मग डोळे, मग बाकीचा. वासराएवढा. मेंढ्यांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ माझ्याकडे. माझी दातखीळ बसली. मी चाप ओढायचा प्रयत्न केला, बोट माझं नव्हतंच. आणि तो आला तो डावीकडून, नळीचं तोंड समोर! तो माझ्या डोक्याशी थांबला. त्याचा श्वास माझ्या कानात. मी म्हटलं, आता मान. पण त्याने मान वाकवली आणि दस्ता हुंगला. एकदा, दोनदा. मग डावीकडच्या त्या ठोकळ्याला दात लावले.

"चरबी!" मामबेतालीने मांडी थोपटली.

चरबी. दोन दिवस मुरलेली. तो कुरतडत होता आणि माझा गाल पलीकडून टेकलेला. दोघांमध्ये तेवढं एक लाकूड. कुरकुर, कुरकुर. मी डोळे मिटले तरी ऐकू येत होतं. पण सांगतो काय, कारागीर होता तो! सगळीकडे सारखं चावत नव्हता. थोडं कुरतडायचा, मागे सरायचा, एक डोळा बारीक करून नळीच्या रेषेत बघायचा, की पुन्हा थोडं. कालदीबाय आजोबा, राग मानू नका, पण मापाला त्याने माझी बैठक नाही मोजली.

"हूं," कालदीबाय म्हणाला.

किती वेळ गेला, सांगता येणार नाही. मग तो उठला, जिभेने ओठ पुसले आणि ओढ्याकडे चालू लागला. तेव्हा माझ्या अंगात जीव आला, धुकंही विरळ झालं. गाल आता लाकडावर नीट बसला होता, डोळा थेट माशीवर. दोनशे पावलांवर त्याची शेपटी दिसत होती, तेवढीच. मी चाप ओढला. आणि त्याच्या शेपटीच्या टोकाचे केस उडाले. फक्त टोकाचे! मारलं असतं तर मारता आलं असतं. पण ज्याने आपला दस्ता दुरुस्त केला त्याला मारायचं, हे काही माणसाला शोभत नाही. त्या दिवसापासून तो आमच्या खोऱ्यात दिसला नाही. संध्याकाळी दोनशे चौदा मेंढ्या मोजून परत. एकही कमी नाही.

हे शेवटचं खरंच होतं, आणि सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून खोलीत मान हलली. मी लगेच पुढे सरकलो. शुक्रवारी त्याच टायरच्या मधोमध तीन गोळ्या मारल्या, मामबेताली साक्षीला आहे. मामबेताली म्हणाला, "आहे. टायरचं भोक होतं तेही मोठं झालं." आता रायफल माझ्या आजोबांच्या हातात होती त्याहून सरळ मारते. फक्त एक गोष्ट बिघडली. नंबर त्याने खाल्ला. ठोकळ्यावरचे पहिले दोन आकडे शिल्लक, बाकीचे त्याच्या पोटात.

मी ऑफिसात गेलो तेव्हा कारकुनाने विचारलं, नंबर कुठे? मी म्हणालो, खाल्ला. कोणी? मी हवेत बोटाने शेपटी काढली. त्याने नाक पुसलं आणि सांगितलं, "माझा विश्वास आहे हो. पण मला कागद लागतो. प्राण्याने खाल्ल्याचं डॉक्टरचं प्रमाणपत्र आणा, शिक्क्यासह. सोमवारपर्यंत."

मी खिशातून कागद काढला आणि चटईवर, तुर्सुनायच्या पुढ्यात, नीट सरळ करून ठेवला. कढईतून वाफ येत होती. मला वाटलं, जिंकलं. मामबेतालीच्या डोळ्यांत तर पाणी होतं, कदाचित कांद्याचं असेल.

तुर्सुनायने कागदाकडे पाहिलं नाही. तिने हात पुढे केला, रायफल मागितली आणि उठून खिडकीशी गेली. पिशवीतून चष्मा काढला. दस्त्याच्या डाव्या बाजूवर अंगठा ठेवला आणि हळूहळू, एकेक खूण चाचपत, तो पुढे नेला. मग परत आणला.

"किती वेळ चावत होता म्हणालात?" तिने विचारलं.

"दोन मेंढ्या रवंथ करतील इतका."

"छे. त्याहून जास्त. लाकडात घामाचं मीठ मुरलंय." तिने दस्ता उजेडात आणखी तिरपा केला. "बाइके," ती म्हणाली, थोरल्या भावाला म्हणतात तसं. "तीस वर्षं मी लोकांच्या जनावरांच्या तोंडात हात घालतेय. कुत्री, घोडे, उंट, एकदा एक अस्वलही होतं. लांडग्याचा सुळा लाकडात खिळ्यासारखं भोक पाडतो. इथे भोक एकही नाही. सगळ्या खुणा चपट्या. बारीक, शेजारी शेजारी, पटाशी लावल्यासारख्या."

"म्हातारा असेल तो," मी म्हणालो. "झिजले असतील."

"आणि भुकेला तर मुळीच नव्हता. भुकेला चावतो नि गिळतो. याने एकाच जागी सकाळपासून संध्याकाळपर्यंत दात रोवून ठेवलेत. हे जनावर घाबरलेलं होतं, बाइके. फार घाबरलेलं. तरी जागचं हललं नाही, तेही खरं." तिचा अंगठा थांबला. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आणि हे बघा, वरच्या ओळीत, डावीकडून दुसरा. एका दाताची जागा मोकळी आहे. प्रत्येक चाव्यात मोकळी."

बुरुलचा खाली मान घालून पुन्हा पीठ मळायला लागली, फार जोरात.

"बाइके," तुर्सुनाय म्हणाली, "जरा आ करा बघू."